सभाबंदीतील शाळा : निजामी मराठवाड्याचा सांस्कृतिक राष्ट्रवाद आणि त्याचे कोरियातील समकालीन

गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु १९४८ पर्यंत हे गाव हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे मराठी ही प्रजेची भाषा असूनही राज्यकारभाराची नव्हती अशा मुलखात होते, ही गोष्ट जनाबाईंविषयी लिहिताना क्वचितच ध्यानात घेतली जाते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या स्त्रीच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि ते संतांच्या गाथांतून छापले गेले ते मुंबई-पुण्याच्या छापखान्यांत, तिच्या जन्मप्रांतात नव्हे. पैठणचे एकनाथ, जांबचे रामदास, तेरचे गोरोबा, आपेगावचे ज्ञानेश्वर यांचीही तीच कथा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीची पोथीसुद्धा त्यांना बीडकडच्या पाटांगणात मिळाली होती. वाङ्मयाची जन्मभूमी एका राज्यात आणि त्याचे छापखाने, संशोधक व वाचक दुसऱ्या राज्यात, अशी ही फारकत होती, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत मराठवाड्यातील शिकलेल्या वर्गाने जे काही केले ते मुख्यतः ती मिटवण्यासाठी केले. राजकीय सत्ता हाती नसताना आणि ती मागण्याचीही मुभा नसताना भाषा, शाळा, ग्रंथालय, नियतकालिक आणि इतिहास यांच्या आधारे एका समाजाने आपले वेगळेपण टिकवण्याची व घडवण्याची जी खटपट करावी, तिला अभ्यासक सांस्कृतिक राष्ट्रवाद असे नाव देतात. या प्रवृत्तीचे सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले आशियाई उदाहरण जपानी अमलाखालील कोरियाचे आहे, आणि ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मराठवाड्यातील काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. काही बाबतींत तर त्या अधिक अवघड होतात.

हैदराबाद संस्थानात लोकसंख्येचा जवळजवळ निम्मा भाग तेलुगू भाषकांचा, सुमारे चौथा हिस्सा मराठी भाषकांचा आणि त्याहून बराच लहान हिस्सा कन्नड भाषकांचा होता. उर्दू ही ज्यांची घरची भाषा होती ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. दरबाराची जुनी भाषा फारसी होती आणि १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. यात एक व्यावहारिक थर मात्र शिल्लक राहिला, तो म्हणजे गावपातळीवरील दप्तराचा. कुलकर्णी गावचा हिशेब मोडीत, म्हणजे मराठीच्या जलद हस्तलिपीत, लिहीत असे; तोच विषय तहशिलीत किंवा अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीत गेला की उर्दूत जाई आणि त्यावर तारीख पडे ती फसली सनाची, जो महसुलासाठी वापरला जाणारा आणि इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे असणारा कालगणनेचा प्रकार होता. गंगाखेडच्या कुणा शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा निवाडा वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागे, आणि ही अडचण केवळ निरक्षराची नव्हती, मराठीत उत्तम साक्षर असलेल्याचीही होती. मराठवाड्यातील भाषेचा प्रश्न कवितेच्या अभिमानातून उगवला असे मानण्याची रीत आहे. वास्तविक तो कचेरीच्या पायरीवर उगवला.

शाळांची स्थिती याला धरूनच होती. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला जागा असे, वरच्या वर्गांत मात्र उर्दू हेच माध्यम होई, आणि या रचनेचा कळस म्हणून १९१७ च्या फर्मानाने, म्हणजे निजामाच्या राजाज्ञेने, उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली व १९१८ मध्ये ते स्थापन झाले. येथे कोरियाशी तुलना सरळ राहत नाही. उस्मानिया हे परक्या साम्राज्याच्या भाषेत शिकवणारे विद्यापीठ नव्हते. उलट, विज्ञान, कायदा आणि वैद्यक हे विषय भारतीय भाषेत शिकवता येतात हे दाखवणारा तो हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग होता, त्यासाठी दारुत्तर्जुमा नावाचे भाषांतर खाते उभारून शास्त्रीय परिभाषा घडवली गेली, आणि रवींद्रनाथ टागोरांसारख्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. उर्दूचे कैवारी मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम कित्येक वर्षे औरंगाबादेहून चालवले आणि त्या संस्थेचे त्रैमासिक १९२१ मध्ये तेथूनच निघू लागले. इंग्रजीच्या वर्चस्वाला उत्तर म्हणून उभी राहिलेली ही चळवळ तिच्या परीने सांस्कृतिक राष्ट्रवादाचीच होती. फरक इतकाच की जे विद्यापीठ लखनौ-दिल्लीच्या उर्दू लेखकाला मुक्तीसारखे वाटले, तेच परभणीच्या मराठी मुलाला आणि वरंगळच्या तेलुगू मुलाला दुसरे एक कुलूप वाटले, आणि दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मराठवाड्यातील पुढच्या लेखनात या पहिल्या बाजूला फारसा न्याय मिळालेला नाही.

कोरियात परिस्थितीची रेषा अधिक ठळक होती. १९१० मध्ये जपानने तो देश खालसा केला आणि पहिली नऊ वर्षे तेथे उघड लष्करी धाटणीचा कारभार केला. १ मार्च १९१९ रोजी सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, देशभर निदर्शने झाली आणि ती रक्तपाताने मोडण्यात आली. त्यानंतर आलेले गव्हर्नर-जनरल साइतो माकोतो यांनी धोरण बदलले व त्याला सांस्कृतिक राज्यकारभार असे नाव दिले. संस्कृतीच्या कार्यास काही मोकळीक द्यायची, राजकारणाला मात्र नाही, असा त्याचा मथितार्थ होता. या फटीतून १९२० मध्ये दोंग-आ इल्बो आणि चोसन इल्बो ही कोरियन दैनिके निघाली, स्वदेशी मालाचा प्रचार सुरू झाला, आणि १९२२-२३ मध्ये लोकवर्गणीतून खासगी विद्यापीठ काढण्याची मोहीम झाली. ती मोहीम पैशाअभावी आणि सरकारी विरोधामुळे फसली, तर १९२४ मध्ये जपान्यांनी स्वतःच सोलमध्ये साम्राज्याचे विद्यापीठ काढून तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. स्वातंत्र्याचे राजकारण दरम्यान देशाबाहेर गेले होते. कोरियाचे हंगामी सरकार एप्रिल १९१९ मध्ये शांघायला स्थापन झाले.

बाहेर राजकारण आणि आत संस्कृती ही वाटणी हैदराबादेतही जवळजवळ याच वर्षांत झाली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. त्यांपैकी ‘गश्ती निशाण ५३’ मराठवाड्याच्या स्मरणात आजही शिवीसारखी राहिली आहे, कारण तिच्यामुळे जाहीर सभेसाठी आगाऊ परवानगी, विषयांची यादी आणि वक्त्यांबद्दलची हमी या सर्वांची सक्ती झाली. खासगी शाळांवरही परवानगीचे नियम आले आणि लहान गावांतील अनेक पंतोजींच्या शाळा त्यामुळे बंद पडल्या. परिणामी निजामाच्या प्रजेची राजकीय परिषद भरली ती १९२३ मध्ये काकिनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला; एकही अधिवेशन ज्या राज्याविषयी ते होते त्या राज्यात झाले नाही. हद्दीच्या आत जे शक्य होते ते ग्रंथालय, शाळा, समाजसुधारणा आणि साहित्य या नावांखाली. हैदराबाद शहरात केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ साप्ताहिक निघाले, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय झाले. परभणीत गणेश वाचनालय विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले होते. ‘निजाम विजय’ हे नावच पुरेसे बोलके आहे: ज्याच्या राज्यात पत्र काढायचे त्याचा जयजयकार मुखपृष्ठावर करूनच आतल्या पानांवर मराठी टिकवायची होती. १९३१ मध्ये हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा संस्थानातील मराठी माणसाला आपण एका मोठ्या समाजाचे घटक आहोत याचा प्रत्यय परवानगीच्या चौकटीत राहून मिळाला.

तथापि या वर्गाच्या दृष्टीची मर्यादा १९२१ मध्येच उघडी पडली होती. नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली. मराठी, उर्दू आणि इंग्रजी भाषणे शांतपणे ऐकणाऱ्या श्रोत्यांनी आलमपल्ली वेंकट रामाराव हे तेलुगूत बोलू लागताच हुर्यो उडवली. संस्थानात सर्वाधिक लोक जी भाषा बोलत तिचा असा उपमर्द झाला, तो स्वतःच्या भाषेच्या उपेक्षेने दुखावलेल्या माणसांकडून, मराठी संस्थेच्या आवारात आणि स्त्रीशिक्षणाच्या एका महान पुरस्कर्त्यासमोर. त्याच रात्री काही तेलुगू तरुणांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली आणि पुढे त्यातूनच आंध्र महासभा वाढली. मराठवाड्याच्या लढ्याच्या मराठी इतिहासांत या प्रसंगाला मिळते त्यापेक्षा कितीतरी अधिक जागा तेलंगणाच्या इतिहासांत मिळते, आणि त्याचे कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

मराठवाड्यातील खरे प्रयोग शहराच्या नाट्यगृहात न होता आडबाजूच्या गावांत झाले. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये, असहकाराच्या वातावरणात, राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी मान्यता घ्यायची नाही, मराठीतून शिकवायचे, विद्यार्थ्यांनी शिक्षकांबरोबर राहायचे आणि हातांनी काम करायचे, असा तिचा बेत होता, आणि मान्यता नसल्यामुळे तिच्या दाखल्यावर संस्थानात नोकरी मिळत नव्हती, हेही पालकांना माहीत होते. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली ते तयार झाले होते आणि हिप्परग्यात असतानाच संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासह हिप्परग्याची मंडळी अंबाजोगाईला, ज्याचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते, योगेश्वरी नूतन विद्यालयात आली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत संस्थानाविरुद्ध सत्याग्रह करणारे, तुरुंगात जाणारे आणि सीमेवरच्या शिबिरांतून लढणारे कितीतरी कार्यकर्ते या दोन शाळांच्या बाकांवरून उठले. निजामाच्या पोलिसांनी सभा मोजल्या, भाषणे टिपली. पण गणिताच्या तासाला कोणते संस्कार होतात याची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे त्यांना सुचले नसावे.

कोरियात हे काम शाळेपेक्षा शब्दकोशाभोवती अधिक गोळा झाले. जू शी-ग्योंग या भाषापंडिताच्या शिष्यांनी १९२१ मध्ये कोरियन भाषेच्या अभ्यासाचे मंडळ काढले. त्याचीच पुढे कोरियन भाषा संस्था झाली, १९३३ मध्ये तिने हंगुल या कोरियन लिपीतील लेखनाचे एकरूप नियम ठरवले, आणि पुढची सारी शक्ती तिने मोठा कोश तयार करण्यावर लावली. १९३८ पासून शाळांतून कोरियन हद्दपार होऊ लागली, १९४० मध्ये जपानी धाटणीची नावे घेण्याचा रेटा आला व दोन्ही दैनिके बंद झाली, आणि १९४२ मध्ये एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीवरून सुरू झालेल्या पोलीस तपासाने संस्थेतल्या विद्वानांना गाठले. व्याकरण लिहिणे आणि शब्द जमवणे हा देशद्रोह ठरला. दोघे तुरुंगात मरण पावले आणि कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. जपानच्या शरणागतीनंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ते सोल रेल्वे स्थानकाच्या एका गोदामात सापडले आणि १९४७ मध्ये पहिला खंड छापून निघाला. मराठवाड्यात अशी घटना घडली नाही, कारण घडण्याचे कारण नव्हते: महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात पुण्यात सुखरूप निघत होते. मराठीचे अस्तित्व निजामाच्या हाती कधीच नव्हते, आणि कोरियन विद्वानांच्या वाट्याला आलेली ती भयंकर एकाकी जबाबदारी मराठवाड्यातील लेखकावर कधी आली नाही. त्याच्यापुढचा प्रश्न भाषा वाचवण्याचा नसून ती आपल्या मुलखातल्या मुलापर्यंत आणण्याचा होता. पुण्याची ही जवळीक उपकारक होती तशी जाचकही होती, कारण मराठवाड्याने तेथून पुस्तके घेतली, मासिके घेतली आणि त्यांच्याबरोबर आपण मागासलेले आहोत ही समजूतही घेतली.

१९३७-३८ ही दोन वर्षे दोन्हीकडे निर्णायक ठरली, पण उलट दिशांनी. चीनशी युद्ध सुरू झाल्यावर जपानने कोरियातली फट बुजवायला घेतली. मराठवाड्यात मात्र संस्कृतीच्या नावाखाली जमलेली माणसे त्याच सुमारास राजकारणाच्या नावाखाली उघड एकत्र आली. जून १९३७ मध्ये, त्या काळी परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे, परभणीचे वकील गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. नागरिक स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, शेतकऱ्यांच्या तक्रारी असे तिचे विषय होते आणि सूर अर्जविनंतीचा होता; आतल्या मवाळ आणि जहाल गटांची रस्सीखेचही तेथूनच सुरू झाली. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातून व उस्मानियाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कावरून विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. विद्यापीठाने शेकडोंची नावे कमी केली तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना दार उघडले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. आनंद कृष्ण वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे पत्र याच काळात पुण्याहून निघू लागले आणि संस्थानात बंदी आली की नाव बदलून पुन्हा आत येऊ लागले. ‘निजाम विजय’पासून ‘मराठवाडा’पर्यंतचे अठरा वर्षांचे अंतर या दोन नावांवरूनच मोजता येते.

सांस्कृतिक राष्ट्रवादाच्या टीकाकारांचा एक आक्षेप असा असतो की राजकारण टाळून केलेले संस्कृतिकार्य अखेर सत्तेच्या सोयीचे ठरते. कोरियाने या आक्षेपाला दोन मोठी उदाहरणे पुरवली. आधुनिक कोरियन कादंबरीचे जनक मानले जाणारे यी क्वांग-सू यांनी १९२२ मध्ये राष्ट्राच्या पुनर्रचनेवर गाजलेला निबंध लिहून आधी लोकांचे चारित्र्य सुधारावे, स्वातंत्र्याचे मग पाहावे, असे सुचवले. १९४० मध्ये त्यांनी जपानी नाव घेतले आणि पुढे युद्धाच्या प्रचारात भाग घेतला. १९१९ चा जाहीरनामा ज्यांनी लिहिला ते छ्वे नाम-सन हेही पुढे जपान्यांच्या इतिहास-मंडळात गेले. मराठवाड्यात या तोडीचे स्खलन दिसत नाही, पण त्याचे श्रेय केवळ माणसांच्या निष्ठेला देणे भोळेपणाचे होईल. निजामाचे राज्य जपानइतके कार्यक्षम नव्हते, सीमा ओलांडून सोलापूर वा मनमाड गाठणे सोपे होते, आणि १९४० च्या दशकात काळाचे वारे कोणत्या बाजूने वाहत आहे हे प्रत्येकाला दिसत होते.

मराठवाड्याची उणीव वेगळ्या जागी होती. ज्यांनी संतभूमीचा अभिमान जागवला ते बहुतेक वकील, शिक्षक, वतनदार घरांतले, उच्चवर्णीय पुरुष होते. त्यांच्या भाषणांत जनाबाई असे, परंतु जनाबाई ज्या थरातून आली त्या थरातील मुलगी त्यांच्या शाळेच्या पटावर क्वचित असे. मराठवाड्यातील दलितांसाठी उच्च शिक्षणाचे दार मोठ्या प्रमाणावर उघडले ते संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाने, ज्याचे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. दोन्ही संस्थांचे काम मोठे आहे, पण त्यांचे श्रोते आणि त्यांच्या आठवणी वेगळ्या राहिल्या.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने केलेल्या पोलीस कारवाईनंतर राज्य बदलले तरी निजामी शिक्षणाचे एक फळ मागे राहिले आणि ते मराठीच्याच पदरात पडले. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी संस्थानाच्या सनदी सेवेत होते आणि त्यांच्या फारसी-उर्दूच्या जाणकारीमुळे मोगल व मराठी इतिहासाची साधने मराठी वाचकाला उपलब्ध झाली. वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांच्या लेखनात इस्लामी राजवटीविषयी जी ऐसपैस माहितगारी दिसते ती पुण्यातल्या त्यांच्या समकालीनांना सहसा नव्हती. आणि परभणीत सरकारी नोकरी करत लिहिणाऱ्या बी. रघुनाथांच्या कथा-कादंबऱ्यांत त्या समाजाचे मिश्र बोलणे व मिश्र जगणे उतरले आहे. ज्या भाषेविरुद्ध ही पिढी लढली तिच्यामुळेच तिचे मराठी लेखन वेगळे झाले, हे तिच्यातल्या जाणत्यांनी कधी लपवले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, म्हणजे १९१८ पासूनचे एक गाऱ्हाणे चाळीस वर्षांनी मिटले. या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने केला तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेच्या नावाने त्याला विरोध झाला; गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ पत्राचे नंतरचे संपादक अनंत भालेराव हे मुक्तिलढ्यातले अग्रणीही विरोधाच्या बाजूला होते, आणि खेड्यापाड्यांत त्या विरोधाने दलित वस्त्यांवरील हल्ले व जाळपोळीचे रूप घेतले, जे त्या नेत्यांनी इच्छिले नव्हते. निजामाच्या कचेरीत ज्याला आपले नाव आपल्या लिपीत लिहिता येत नव्हते त्या समाजातल्या वरच्या थराने आता खालच्या थराला नाव देण्याचा अधिकार नाकारला होता. नामांतराऐवजी नामविस्तार ही तोड निघायला साडेपंधरा वर्षे गेली, आणि १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले.